वाजवी सोयीची कुळकथा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 या भारतीय कायद्याच्या कलम 2 मध्ये अनेक संज्ञांच्या व्याख्या आहेत. त्यांपैकी इंग्रजी मसुद्यात ‘रीझनेबल अकॉमोडेशन’ म्हणून येणारी आणि मराठीत ‘वाजवी सोय’ म्हणता येईल अशी संज्ञा आता न्यायालये, परीक्षा मंडळे आणि कार्यालयांचे आस्थापना विभाग यांच्या व्यवहारात रुळली आहे. दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क उपभोगता यावेत म्हणून त्या विशिष्ट प्रसंगी जे आवश्यक व योग्य फेरफार करावे लागतात, मात्र ज्यांचा बेसुमार किंवा अवाजवी बोजा कोणावर पडत नाही, ते फेरफार म्हणजे वाजवी सोय. लेखनिक, परीक्षेत जादा वेळ, तळमजल्यावरची बैठक, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी संगणकप्रणाली ही तिची नेहमीची रूपे होत.

या संकल्पनेची वंशावळ साधारणपणे अशी सांगतात की, ती अमेरिकेच्या 1990 च्या दिव्यांगविषयक कायद्यात आली, तेथून संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या करारात गेली आणि भारताने 1 ऑक्टोबर 2007 रोजी त्या कराराला मान्यता दिल्यामुळे 2016 मध्ये आपल्या कायद्यात उतरली. ही वंशावळ खरी आहे, पण ती मधूनच सुरू होते. वाजवी सोय द्यायची की नाही आणि द्यायची तर कोठवर, हा प्रश्न अमेरिकेच्या सिनेटमध्ये पहिल्यांदा गाजला तेव्हा सभागृहासमोर दिव्यांगांचा विषयच नव्हता, तर शनिवारी काम न करणाऱ्या ख्रिस्ती कामगारांचा होता.

अमेरिकेच्या 1964 च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीत धर्मावरून भेदभाव करण्यास मनाई केली, परंतु धर्मपालनासाठी सुट्टी मागणाऱ्याला मालकाने ती द्यावी की नाही, याविषयी तो कायदा गप्प होता. रोजगारातील समान संधीची अंमलबजावणी करणाऱ्या आयोगाने 1966 मध्ये आणि पुन्हा 1967 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. दुसऱ्या सूचनांनुसार, मालकाच्या धंद्याला अवाजवी अडचण होत नसेल तर त्याने कामगाराच्या धार्मिक गरजांची वाजवी सोय करावी, असे ठरले. सूचनांना कायद्याचे बळ मात्र नव्हते. रेनॉल्ड्स मेटल्स या कंपनीतील एका कामगाराने रविवारी जादा काम करण्यास आणि आपल्या जागी बदली माणूस शोधून देण्यासही धर्माच्या कारणाने नकार दिला. त्या खटल्यात 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश चार विरुद्ध चार असे विभागले गेल्यामुळे खालच्या न्यायालयाचा मालकाच्या बाजूचा निकाल कायम राहिला आणि मूळ प्रश्न तसाच लोंबकळत पडला.

तो तडीस नेण्याचे काम पश्चिम व्हर्जिनियाचे सिनेटर जेनिंग्ज रँडॉल्फ यांनी केले. ते सेलम या गावचे. सातव्या दिवसाचे बाप्टिस्ट नावाच्या पंथाच्या लोकांनी हे गाव वसवले आणि रँडॉल्फ स्वतः त्याच पंथाचे होते. हा पंथ रविवारऐवजी शनिवार हा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, मानतो आणि शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत काम वर्ज्य समजतो. जानेवारी 1972 मध्ये नागरी हक्क कायद्याच्या दुरुस्तीवर चर्चा सुरू असताना रँडॉल्फ यांनी आपल्या पंथातील लोकांना नोकऱ्या मिळवताना आणि टिकवताना येणारी अडचण सभागृहापुढे मांडली, आणि त्यांची उपसूचना पंचावन्न विरुद्ध शून्य अशा मतांनी मंजूर झाली. तिची रचना फार चतुर होती. मालकावर नवे कर्तव्य लादणारे स्वतंत्र कलम न घालता तिने ‘धर्म’ या शब्दाची व्याख्याच बदलली: धर्म म्हणजे श्रद्धेबरोबरच धर्मपालनाचे सर्व आचार, मात्र धंद्याच्या चालण्यात अवाजवी अडचण आणल्याशिवाय वाजवी सोय करणे आपल्याला शक्य नाही, हे मालकाने सिद्ध केले तर गोष्ट वेगळी. कर्तव्य व्याख्येच्या पोटात लपवण्याची ही युक्ती पुढे फार लांब गेली. भारतीय कायद्यातही वाजवी सोय नाकारणे हे ‘भेदभाव’ या संज्ञेच्या व्याख्येतच बसवलेले आहे.

येथे एक मोहक सिद्धान्त समोर उभा राहतो. हेच रँडॉल्फ 1936 मध्ये प्रतिनिधिगृहाचे सदस्य असताना त्यांच्या व सिनेटर शेपर्ड यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला होता. त्याने केंद्र सरकारच्या इमारतींत वर्तमानपत्रे, तंबाखू, खाऊ विकण्याचे ठेले चालवण्याची संधी अंध व्यक्तींना खुली करून दिली. महाराष्ट्रातल्या वाचकाला या ठिकाणी दिव्यांगांना प्राधान्याने मिळालेले एसटीडी-पीसीओ बूथ आठवल्यावाचून राहणार नाही, आणि दोहोंमागचा विचार एकाच जातीचा आहे हेही खरे. पुढे 1970 च्या दशकात सिनेटच्या अपंगविषयक उपसमितीचे अध्यक्षपदही रँडॉल्फ यांच्याकडेच होते. तेव्हा शब्बाथासाठी घडवलेले हत्यार त्यांनीच दिव्यांगांच्या हाती दिले, असे म्हणण्याचा मोह होतो.

पण हा सिद्धान्त तपासाला टिकत नाही. 1973 च्या पुनर्वसन कायद्याचे प्रसिद्ध कलम 504 हे अमेरिकेतील दिव्यांगांच्या हक्कांचा पाया मानले जाते, आणि त्यात वाजवी सोयीचा उल्लेखच नाही. ते कलम म्हणजे 1964 च्या कायद्यातील वंशभेदविषयक वाक्याची जवळजवळ नक्कल आहे. सिनेटच्या कर्मचाऱ्यांनी ते विधेयकाच्या अखेरीस जोडले आणि त्यावर ना सुनावणी झाली, ना म्हणण्याजोगी चर्चा. शिवाय रँडॉल्फ सार्वजनिक बांधकाम समितीच्या कामात गुंतलेले असल्यामुळे या विधेयकाची धुरा सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांनी वाहिली. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी हे विधेयक दोनदा नाकारले, तेही मुख्यतः खर्चाच्या कारणासाठी. कलम 504 कडे त्यांचे फारसे लक्षच नव्हते.

दुसरा, प्रतिस्पर्धी सिद्धान्त असा की धर्माचा या कथेशी काही संबंध नाही. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या जखमी सैनिकांना कारखान्यात सामावून घेताना यंत्राची उंची बदलणे, कामाचे तुकडे वेगळ्या रीतीने पाडणे असे प्रकार पुनर्वसन तज्ज्ञ करीतच होते, आणि 1968 मध्ये सरकारी इमारतींतील पायऱ्यांसारखे अडथळे दूर करण्याचा कायदाही झाला होता. वाजवी सोय ही त्या अनुभवातून आपोआप उगवली, असे या पक्षाचे म्हणणे आहे. कल्पनेपुरते ते मान्य करायला हरकत नाही. परंतु यंत्राची उंची बदलणारा कारखानदार ते सद्भावनेने किंवा मनुष्यबळाच्या गरजेने करीत होता. नकार देताना अडचण सिद्ध करण्याचे ओझे त्याच्या डोक्यावर नव्हते. हे ओझे कोठून आले, याचे उत्तर पुनर्वसनाच्या इतिहासात सापडत नाही.

ते सापडते अमेरिकेच्या कामगार खात्याच्या नियमांत. सरकारी कंत्राटदारांनी धर्मावरून भेदभाव करू नये यासाठी या खात्याने 1973 मध्ये नियम काढले आणि त्यांत धर्मपालनासाठी सोय करण्याचे कर्तव्य घातले. त्याच खात्याच्या 1976 च्या नियमांनी अपंग कामगारांविषयी सांगितले की, कंत्राटदाराने कामगाराच्या शारीरिक व मानसिक मर्यादांची वाजवी सोय केलीच पाहिजे, मात्र अशा सोयीने आपल्या धंद्याच्या चालण्यात अवाजवी अडचण येईल हे त्याने दाखवून दिले तर गोष्ट वेगळी. रँडॉल्फ यांच्या 1972 च्या उपसूचनेशेजारी हे वाक्य ठेवले की वाजवी सोय, अवाजवी अडचण, धंद्याचे चालणे आणि सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर, असे चारही अवयव जुळतात. एवढे साम्य योगायोगाने येत नसते. तेव्हा कल्पना पुनर्वसनातून आली असेल, पण तिला कायद्याचे दात शब्बाथाच्या वादातून मिळाले, आणि ते बसवणारा हात सिनेटरचा नसून खात्यात बसून आधीच्या नियमाचा मजकूर पुढच्या नियमात उतरवणाऱ्या अधिकाऱ्यांचा होता, हाच निष्कर्ष पुराव्याला धरून आहे.

कलम 504 चे नियम मात्र वर्षानुवर्षे रखडले. एप्रिल 1977 मध्ये दिव्यांग आंदोलकांनी सान फ्रान्सिस्कोतील सरकारी कार्यालयात तीन आठवड्यांहून अधिक काळ ठिय्या दिला, तेव्हा कोठे 28 एप्रिल रोजी मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी त्यांवर सही केली. या नियमांतही वाजवी सोय आणि अवाजवी अडचण हीच जोडी आहे. त्यानंतर बरोबर सात आठवड्यांनी, 16 जून 1977 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सच्या खटल्यात थोरल्या भावंडाचे, म्हणजे धर्मपालनासाठीच्या सोयीचे, पंख छाटले. कॅन्सस सिटी येथील चोवीस तास चालणाऱ्या देखभाल केंद्रातील एका भांडार कारकुनाने शनिवारची सुट्टी मागितली होती. किरकोळाहून अधिक खर्च येत असेल तर ती अवाजवी अडचणच समजावी, असे न्यायालयाने ठरवले. दिव्यांगांच्या बाजूच्या लोकांनी हा धोका ओळखला. 1990 च्या कायद्यावेळी प्रतिनिधिगृहाच्या समितीने आपल्या अहवालात स्पष्ट लिहिले की या निकालातील तत्त्व येथे लागू नाही, आणि अवाजवी अडचण म्हणजे लक्षणीय कष्ट किंवा खर्च, अशी व्याख्याही कायद्यात घातली गेली. गंमत अशी की 2023 मध्ये रविवारी टपाल वाटण्यास नकार देणाऱ्या कर्मचाऱ्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्माच्या बाजूची पातळीही वर उचलली, त्यामुळे थोरले भावंड आता धाकट्याच्या मागे चालत आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या करारात ‘अडचण’ जाऊन ‘बोजा’ आला आणि भारतीय व्याख्या त्या कराराच्या शब्दांमागोमाग जाते. परंतु भारतात जमीन अगदीच कोरी नव्हती. 1995 च्या कायद्यात वाजवी सोय हा शब्द नसला तरी त्याच्या कलम 47 नुसार सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नसे; त्याला त्याच वेतनावर दुसरे पद द्यायचे, आणि असे पद नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करायचे, असे बंधन होते. हे पूर्णपणे देशी घराणे आहे आणि 2016 च्या कायद्याच्या कलम 20 मध्ये ते अजून नांदत आहे.

नवे विधेयक नोटाबंदीवरून कोंडी झालेल्या हिवाळी अधिवेशनात पक्षभेद बाजूला ठेवून मंजूर झाले: राज्यसभेत 14 डिसेंबर 2016 रोजी आणि लोकसभेत अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, 16 डिसेंबरला. अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले, नोकरीतील आरक्षण तीन टक्क्यांवरून चार टक्क्यांवर गेले, आणि या ठळक आकड्यांच्या सावलीत वाजवी सोय आत आली. तिचे खरे मोल 11 फेब्रुवारी 2021 रोजी कळले. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराला केंद्रीय लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला होता. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, चाळीस टक्के अपंगत्वाची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे, वाजवी सोयीसाठी नाही.

एक वारसा मात्र वाटेत गळाला. 1972 मध्ये सिनेटने जे कर्तव्य घातले ते प्रामुख्याने खासगी मालकावर होते. भारतीय कायद्याच्या कलम 20 मध्ये वाजवी सोय देण्याचे बंधन फक्त सरकारी आस्थापनांवर आहे. खासगी आस्थापनांच्या वाट्याला कलम 21 नुसार समान संधीचे धोरण जाहीर करणे एवढेच येते, आणि 2017 च्या नियमांप्रमाणे त्या धोरणात सविस्तर काय असावे हे वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांपुरतेच सांगितलेले आहे. ही उणीव न्यायालयाच्या निकालांनी भरून निघणारी नाही. त्यासाठी कलम 20 मध्येच दुरुस्ती करावी लागेल.