न बोललेले दुखणे

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी, कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर कॉलेजात, आनंदीबाई जोशी यांनी आपण अमेरिकेस का जातो ते भर सभेत सांगितले. या देशाला स्त्री-डॉक्टर हव्यात. परपुरुषापुढे दुखणे सांगण्यास स्त्रिया संकोचतात, हे त्यांचे म्हणणे. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. १८८६ साली त्यांना फिलाडेल्फियात पदवी मिळाली. त्याच वर्षी कादंबिनी गांगुली कलकत्त्यात डॉक्टर झाल्या.

पुढे १९३५ साली शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथल यांनी सात स्त्रियांवरून एका विकाराचे वर्णन केले. तोच आजचा पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे बीजांडकोशाचा विकार. त्यात पाळी लांबते, चेहऱ्यावर केस येतात, वजन वाढते, कित्येकींना गर्भ राहण्यास अडचण पडते. यातले प्रत्येक लक्षण चारचौघांच्या टीकेचा विषय होते, आणि शरीराइतकेच मनही खचते. म्हणूनच २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी निदान होताच खिन्नता व चिंता यांचीही विचारपूस करण्यास सांगितले आहे.

आता स्त्री-डॉक्टर पुष्कळ आहेत. तरी कोलकात्यात काय, कोल्हापुरात काय, ही व्यथा अजून घरातच दडवली जाते. डॉक्टरांपर्यंत जाण्याआधी ती आईपाशी, बहिणीपाशी, पतीपाशी निःसंकोचपणे बोलता आली पाहिजे.