एका पित्याची फिर्याद

शिक्षणाच्या इतिहासांत आपण बहुधा मंत्र्यांचीं व पंडितांचीं नांवें वाचतों. आज एका कारागिराची हकीकत सांगावयाची आहे.

अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत सॅन अँटोनिओ हें शहर आहे. तेथील एजवुड विभागांत बहुतेक वस्ती मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची. वायुदलाच्या तळावर पत्र्याचें काम करणारे डेमेट्रिओ रॉड्रिगेझ तेथेंच राहत. आपल्या मुलांच्या शाळेची दुर्दशा न साहून त्यांनीं इतर पालकांसह १९६८ सालीं फिर्याद गुदरली.

मुद्दा हिशेबाचा होता. शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता-करांतून येई. शंभर डॉलर किंमतीच्या मालमत्तेवर एजवुडचे रहिवासी १·०५ डॉलर कर देत. त्याच शहरांतील सधन अलामो हाइट्स विभागांत हा दर ०·८५ होता. तरीहि या करांतून दर मुलामागें एजवुडला २६ डॉलर मिळत, आणि अलामो हाइट्सला ३३३! गरिबांच्या घरांना मुळांत किंमतच ती किती?

१९७१ मध्यें खालच्या न्यायालयानें पालकांची बाजू उचलून धरली. परंतु १९७३ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं तो निकाल फिरविला. तेव्हां १९८४ मध्यें टेक्सासच्याच राज्यघटनेच्या आधारें नवा दावा दाखल झाला, आणि १९८९ सालीं त्या संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयानें जुनी पद्धति एकमतानें घटनाबाह्य ठरविली.

ज्या मुलांसाठीं पहिली फिर्याद झाली तीं एव्हांना मोठीं झालीं होतीं. निकाल उपयोगी पडला तो मागून येणाऱ्या, दुसऱ्यांच्या मुलांना. सार्वजनिक कार्याचा जमाखर्च बहुधा असाच मांडावा लागतो.