सांचेझ व्हिकारिओ, आरांचा
(१८ डिसेंबर १९७१– ). स्पॅनिश महिला टेनिसपटू. जन्म बार्सेलोना येथे. एमिलिओ व हाव्हिएर हे तिचे थोरले बंधूही व्यावसायिक टेनिसपटू होते. १९८९ च्या फ्रेंच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात निर्णायक सेटमध्ये ३–५ अशी पिछाडी असताना तिने स्टेफी ग्राफला हरविले (७–६, ३–६, ७–५). ग्रँड स्लॅम एकेरी विजेतेपद मिळविणारी ती पहिली स्पॅनिश महिला होय. तिची सर्व्हिस जोरकस नव्हती. प्रत्येक चेंडू परतविण्याची चिकाटी हेच तिचे खरे बळ. विंबल्डनच्या हिरवळीवर मात्र ते पुरे पडले नाही. तेथील १९९५ च्या अंतिम सामन्यात ५–५ अशा बरोबरीनंतर तिच्या सर्व्हिसचा एकच गेम सु. २० मिनिटे चालला. तो ग्राफने जिंकला व पाठोपाठ सामनाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत ती जागतिक क्रमवारीत प्रथम स्थानी पोहोचली होती. तिने फ्रेंच स्पर्धा पुन्हा १९९४ व १९९८ मध्ये, तर अमेरिकन स्पर्धा १९९४ मध्ये जिंकली. ऑलिंपिकमध्ये तिला जन्मगावी (१९९२) आणि अटलांटा येथे (१९९६) प्रत्येकी एक रौप्य व एक कांस्य पदक मिळाले.