कर्ज काढणे, पांग फेडणे

वऱ्हाडातल्या शेलूबाजारसारख्या गावात दोन गरजा एकाच महिन्यात दारात उभ्या राहतात. मृग लागला की सोयाबीनचे बियाणे नि खत, आणि त्याच सुमारास बारावी झालेल्या पोरीचा कॉलेजचा प्रवेश. पहिलीसाठी पैसा हवा तो पीक घरात येईपर्यंत, दुसरीसाठी चार वर्षे. प्रश्न मात्र दोन्ही वेळेला एकच: कर्ज काढायचे का? वऱ्हाडीत, ‘काहाडायचं का?’

आपण कर्ज घेतो, पण बोलताना ते ‘काढतो’. उधार ह्या शब्दाच्या पोटातही हेच काढणे आहे. तो संस्कृत ‘उद्धार’वरून आला. उद्धार म्हणजे वर काढणे, वेगळे काढणे. आणि संस्कृत कोशांत त्याचा एक अर्थ ऋण असाही दिलेला आहे. मराठीने पुढे वाटणी केली. उद्धार कीर्तनात गेला, उधार किराणा दुकानाच्या पाटीवर. ‘कर्ज’ फारसीच्या वाटेने आलेला अरबी शब्द, आणि त्याच्या धातूचा अर्थ कापणे. देणारा आपल्या धनातून कापून देतो, घेणारा काढून घेतो.

‘व्याज’ त्याहून तिखट. संस्कृतात व्याज म्हणजे बहाणा, कपट. म्हणून तर निर्व्याज प्रेम आणि व्याजस्तुती. पैशावरच्या वाढीला संस्कृतात ‘वृद्धी’ किंवा ‘कुसीद’ म्हणत. दहा देऊन अकरा घेणाऱ्यासाठी पाणिनीने एक शब्द सिद्ध करून दाखवला आहे, दशैकादशिक, आणि तोही निंदेच्या अर्थाने. म्हणजे दहाला एक हा दर तेव्हा नाव ठेवण्याजोगा वाटत होता; आज शैक्षणिक कर्जाला दहा टक्के म्हटले तर कोणी मान वर करून पाहणार नाही.

ह्या दहा टक्क्यांचा हिशेब मात्र पोरीसमोर बसून करावा. दर वर्षाच्या सुरुवातीला एक लाख, असे चार वर्षांत चार लाख उचलले. शिक्षण संपल्यावर आणखी एक वर्ष हप्ता नाही. ह्या बिनहप्त्याच्या साऱ्या काळाला बँकेच्या कागदावर ‘अधिस्थगन’ म्हणतात. घरी त्याला ‘सूट’ म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो. सूट हप्त्याला असते, व्याजाला नसते. सरळव्याजाने धरले तरी पहिला लाख पाच वर्षे वाढतो, शेवटचा दोन वर्षे. पहिला हप्ता भरण्याआधीच चाराचे पाच लाख चाळीस हजार झालेले असतात. कुटुंबाचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर केंद्राच्या योजनेतून ह्या काळाचे व्याज सरकार भरते. पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला हवा, अभ्यासक्रम आणि संस्था योजनेत बसणारी हवी.

शिकण्याच्या संदर्भात ऋण हा शब्द आपल्याकडे उलट्या बाजूने आला आहे. तैत्तिरीय संहितेतल्या तीन ऋणांपैकी ऋषींचे ऋण फिटते ते ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाने. शिकणे हीच तिथे परतफेड. पितरांचे ऋण फिटते संततीने. मराठीने ह्यात भर घातली ती ‘पांग फेडणे’ची. पांग म्हणजे उणीव, ददात. आईबापाचे पांग फेडायचे म्हणजे त्यांनी सोसलेली ददात संपवायची. त्यात रक्कम नाही, मुदत नाही.

बँकेच्या फॉर्मवर हे नाते बदलते. अर्जदार मुलगी, आणि खाली सहकर्जदार बाप. वडिलांच्या पिढीला जामीन माहीत होता. तोही अरबी, हमी घेणारा. जामीनदाराकडे बँक मुख्य कर्जदार चुकल्यावर वळते. सहकर्जदार तसा मागे उभा नसतो, कर्ज पहिल्या दिवसापासून त्याचेही असते. ‘सही तर करायची आहे, बाबा’ एवढ्यावर हा कागद पुढे सरकू नये. हप्ते थकले की बापाचे सिबिलही, म्हणजे कर्जफेडीची पतनोंदही, बिघडते. पीककर्जाला सिबिल मागू नका असे सरकार बँकांना बजावत असते. मॅनेजर ते किती मनावर घेतो हे गावाला ठाऊक आहे.

तरीही माझे मत असे, की काढायचेच तर पोरीच्या नावाचे शैक्षणिक कर्ज काढावे. पीककर्जाच्या पैशाला हात लावू नये. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर राज्यात बिनव्याजी पडते. तो पैसा फीमध्ये गेला आणि मुदत हुकली, की सवलतही गेली आणि पुढची पेरणीही अडली. शैक्षणिक कर्जात चार लाखांपर्यंत तारण मागायचे नाही असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेले आहे. सातबारा टेबलावर ठेवण्याआधी हे विचारावे.

त्याच्याही आधी विचारायचा शब्द जुना आहे: नादारी. फारसी नादार म्हणजे ज्याच्याकडे नाही तो. एकेकाळी शाळेत फीची नादारी मिळे. शब्द गेला, गोष्ट राहिली. २०२४ पासून महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून गेलेल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींची शिक्षण व परीक्षा फी सरकार भरते. अशा घरात कर्जाचा आकडा फीचा राहत नाही, अमरावती-पुण्यातल्या खोलीचा आणि मेसचा राहतो. तो बराच लहान असतो. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात तर मात्र हे काही नाही.

फीमाफीसारखी शिष्यवृत्तीही फुकटच, असे मात्र नेहमी नसते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेला गेलेल्या बाबासाहेब आंबेडकरांनी परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून दिला होता. १९२० मध्ये अपुरे शिक्षण पुरे करायला ते पुन्हा लंडनला निघाले तेव्हा नवल भथेना ह्या मित्राचे पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले.

फेडणे म्हणजे मुळात सोडवणे, उतरवणे. नवस फेडतो तसे कर्जही. ते पुरते फिटले की ‘बेबाकी’ होते. बे आणि बाकी, काही उरले नाही. हिंदीतला निर्भीड अर्थाचा ‘बेबाक’ वेगळा, त्यातला ‘बाक’ फारसीतली भीती. शेवटचा हप्ता भरल्यावर बेबाकीचा दाखला बँकेकडून मागून घ्यावा लागतो. सातबाऱ्यावर, इतर अधिकारांच्या रकान्यात, बोजा चढलेला असेल, तर तो उतरवायला तलाठी आधी हाच कागद मागतो.