वकिलांची व्यावसायिक शिस्त, आंतरराज्यीय
वकिलास एका प्रदेशातील यंत्रणेने गैरवर्तनाबद्दल दिलेली शिक्षा दुसऱ्या प्रदेशातील यंत्रणेने कितपत मानावी, हा या विषयातील मूळ प्रश्न होय. जेथे प्रत्येक राज्य आपली सनद स्वतंत्रपणे देते तेथे तो विशेष तीव्र असतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकच वकील अनेक राज्यांच्या नामावल्यांत असू शकतो. तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘सेलिंग विरुद्ध रॅडफोर्ड’ या खटल्यात (१९१७) असे ठरविले, की राज्याने केलेली बडतर्फी संघीय न्यायालयावर आपोआप बंधनकारक नसते. परंतु वकिलास पुरेशी सूचना व सुनावणी मिळाली नव्हती, पुरावा अगदीच तोकडा होता किंवा तसेच अन्य गंभीर कारण होते असे दिसल्याशिवाय ती अव्हेरूही नये.

भारतात ब्रिटिश अंमलात अशीच विखुरलेली स्थिती होती. मुंबई इलाख्यातील जिल्हा न्यायालयांच्या वकिलांच्या सनदा प्रथम १८२७ च्या दुसऱ्या विनियमाखाली आणि पुढे १९२० च्या मुंबई प्लीडर अधिनियमाखाली दिल्या जात. उच्च न्यायालयातील अ‍ॅडव्होकेटांवर त्या न्यायालयाचा अधिकार चाले, तर बॅरिस्टरांची मूळ पदवी लंडनच्या ‘इन’ या संस्थांच्या हाती असे. संस्थानांची न्यायालये निराळीच होती. ठाणे जिल्ह्याने वेढलेले जव्हार संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारकक्षेबाहेर होते. १९२६ च्या भारतीय वकील परिषद अधिनियमाने चौकशीत वकिलांना स्थान दिले. तथापि शिक्षेचा अधिकार उच्च न्यायालयाकडेच ठेवला आणि प्रत्येक उच्च न्यायालयाची नामावली वेगळीच राहिली.

एका देशातील शिक्षा दुसऱ्या देशातील पदवीवर कशी कोसळते, याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे महात्मा गांधींचे. मार्च १९२२ मध्ये अहमदाबाद येथे राजद्रोहाबद्दल त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनच्या ‘इनर टेंपल’ने त्यांचे नाव कमी केले. ते पुन्हा दाखल झाले १९८८ मध्ये. राजकीय अपराध व व्यवसायातील अप्रामाणिकपणा यांत भेद न करता परक्या न्यायालयाचा निकाल जसाच्या तसा उचलला, की काय होते ते येथे दिसते.

स्वातंत्र्योत्तर काळातील या विषयावरचा महत्त्वाचा निर्णय मुंबईतूनच उद्भवला. निकालात केवळ ‘जी’ या अक्षराने उल्लेखिलेल्या एका वकिलाने १९५२ मध्ये अशिलाशी असा करार केला, की वसुलीतील निम्मा हिस्सा आपण घ्यावा. मुंबई उच्च न्यायालयाने त्यास सहा महिन्यांसाठी निलंबित केले. त्याचे नाव सर्वोच्च न्यायालयाच्या नामावलीतही असल्याने त्या न्यायालयाने त्यास वेगळी नोटीस काढली. १९५४ च्या निकालात असे म्हटले गेले, की दाव्याच्या फळात वाटा घेण्याचा करार इतर नागरिकांच्या बाबतीत भारतात मुळातच बेकायदा नसला, तरी वकिलाच्या बाबतीत ते गैरवर्तनच ठरते. एकाच कृत्याबद्दल एकाच माणसाला दोन ठिकाणी उत्तर द्यावे लागले, कारण नामावल्या दोन होत्या.

ही द्विरुक्ती १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने बव्हंशी संपविली. कलम १७ नुसार कोणाचेही नाव एकापेक्षा अधिक राज्य परिषदांच्या नामावलीत राहू शकत नाही. राज्य बदलावयाचे असल्यास भारतीय विधिज्ञ परिषदेकडे अर्ज करून नाव हलवावे लागते, आणि शिस्तभंगाची कार्यवाही प्रलंबित असल्यास असा अर्ज फेटाळता येतो. एखाद्या परिषदेने प्रवेश नाकारला तर तिने नाव, पत्ता व कारणे इतर सर्व राज्य परिषदांना कळवावयाची असतात. नामावलीतील प्रत्येक फेरफार भारतीय परिषदेलाही कळवावा लागतो. निलंबित अधिवक्त्यास भारतातील कोणत्याही न्यायालयात वा प्राधिकरणापुढे काम चालविता येत नाही. शिक्षा अशा रीतीने देशभर आपोआप लागू होते, परस्पर मान्यतेचा प्रश्न उरत नाही.

तक्रार मात्र तशी आपोआप योग्य ठिकाणी पोहोचत नाही. कलम ३५ अन्वये चौकशीचा अधिकार ज्या परिषदेच्या नामावलीत वकिलाचे नाव आहे तिलाच असतो, कृत्य कोठेही घडलेले असो. महाराष्ट्र व गोवा यांची परिषद एकच असल्याने पणजीतील अशिलाचा प्रश्न सुटतो. पण मुंबईच्या नामावलीतील वकिलाविरुद्ध बेळगावच्या अशिलाला तक्रार महाराष्ट्र-गोवा परिषदेकडेच करावी लागते.

याची झळ लहान गावांच्या अशिलांना अधिक बसते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत दिवाणी कनिष्ठ स्तर न्यायालये आहेत. त्यांखेरीज कुळकायद्याची व भूसंपादनाची प्रकरणे हे तेथील ग्रामीण अशिलाचे वकिलाशी पडणारे मोठे काम. भातसा धरण व अलीकडचा समृद्धी महामार्ग यांसाठी शहापूर तालुक्यातील जमिनी गेल्या. वाढीव मोबदल्याच्या दाव्यात ‘मिळेल त्यातला अमुक हिस्सा’ असा करार वकिलाने मागितल्यास तो १९५४ च्या निर्णयाच्या आणि भारतीय परिषदेच्या नियमांच्याही विरुद्ध ठरतो. परंतु ठाकूर किंवा कातकरी शेतकऱ्यास हे कोणी सांगितलेले नसते. वकीलपत्रावर अंगठा उठविताना समोरच्याचे नाव कोणत्या नामावलीत आहे आणि तो निलंबित तर नाही ना, हे पाहण्याचे सोपे साधन त्याच्या हाती नसते. सनदांची पडताळणी व्हावी म्हणून भारतीय परिषदेने २०१५ मध्ये नियम केले. त्यांचा रोख बनावट वकील शोधण्याकडे अधिक होता, अशिलाला माहिती पुरविण्याकडे कमी.

तक्रारीची चौकशी राज्य परिषदेच्या तीन सदस्यांच्या शिस्तपालन समितीपुढे चालते. तीवर भारतीय परिषदेकडे व त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाकडे अपील करता येते, मुदत प्रत्येकी साठ दिवसांची. मुंबईच्या एका फौजदारी न्यायालयाच्या आवारात अशिलांना गाठून कामे मिळविणाऱ्या वकिलांसंबंधी ‘महाराष्ट्र वकील परिषद विरुद्ध दाभोळकर’ (१९७५) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्य परिषदेलाही अपिलाचा हक्क असल्याचे मान्य केले. कलम ३६ ब नुसार वर्षभरात निर्णय न झाल्यास प्रकरण भारतीय परिषदेकडे वर्ग होते. विलंबाला आळा बसावा हा त्यामागील हेतू. पण मुंबईपर्यंतचा खेपा ज्याला जड जातो त्या मुरबाडच्या तक्रारदाराचे प्रकरण त्यामुळे दिल्लीच्या कार्यालयात जाऊन पडते.