दुकानाचं शटर आणि कॉलेजातला मित्र

आज विषय आहे कॉलेजातली मुलं आणि नशा. यावर भाषणं पुष्कळ होतात. आपण जरा इतिहास बघू, कारण आज सुचवले जाणारे बरेचसे उपाय आपल्या देशात आधी करून झालेले आहेत. त्यासाठी नकाशावर एक जागा धरू: एन्नोर.

चेन्नईच्या अगदी उत्तर टोकाला, कोसस्थलै नदीची खाडी जिथे बंगालच्या उपसागराला मिळते, तिथे हे एन्नोर आहे. सप्टेंबर १९४८मध्ये अशोक मोटर्स ही कंपनी स्थापन झाली आणि तिचा मोटारींचा कारखाना एन्नोरला उभा राहिला. तीच आजची अशोक लेलँड. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला, गांधीजयंतीला, संपूर्ण मद्रास प्रांतात दारूबंदी लागू झाली. म्हणजे एन्नोरला कारखाना आला तोच कोरड्या काळात.

या दारूबंदीचा पाया राजाजींनी घातला होता. १ ऑक्टोबर १९३७ला त्यांनी सेलम जिल्ह्यात पहिला प्रयोग केला. दारूचा महसूल बुडणार हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून १९३९मध्ये त्यांच्या सरकारने विक्रीकर आणला. हे लक्षात ठेवा. दारूचा प्रश्न नीतीचा जेवढा आहे, तेवढाच तिजोरीचाही आहे.

आता एक हिशेब करू. समजा, एक मुलगा १९५३ साली एन्नोरला जन्मला. १९७१मध्ये तो अठरा वर्षांचा झाला, कॉलेजात जायच्या वयाचा, आणि त्याच वर्षी करुणानिधी सरकारने दारूबंदी उठवली. तो एकवीस वर्षांचा होईपर्यंत, १९७४मध्ये, दुकानं पुन्हा बंद झाली. तो अठ्ठावीस वर्षांचा असताना, १९८१मध्ये, एम. जी. रामचंद्रन यांच्या काळात ती पुन्हा उघडली. १९८३मध्ये ‘टास्मॅक’ हे सरकारी महामंडळ घाऊक विक्रीसाठी निघालं. आणि आपला हा गृहस्थ पन्नाशीला आला तेव्हा, २००३मध्ये, किरकोळ विक्रीही टास्मॅककडे गेली. म्हणजे काउंटरमागे सरकारच उभं राहिलं.

एका माणसाच्या आयुष्यात शटर इतक्या वेळा वरखाली झालं. या सगळ्या गोंधळात त्या अठरा वर्षांच्या मुलाशी कोण बोललं?

इथून आपण पुण्याला जाऊ, कारण विद्यार्थी आणि दारू यांचं एक वेगळं नातं तिथे दिसतं. १९०८च्या वसंतात टिळकांच्या पुढाकाराने दारूच्या दुकानांवर निरोधन सुरू झालं. स्वयंसेवकांत विद्यार्थी होते. दुकानापुढे उभं राहायचं आणि येणाऱ्याला विनवायचं, ‘आत जाऊ नका.’ इंग्रज सरकारला आबकारीचं उत्पन्न प्यारं होतं. बंदीहुकूम निघाले, खटले झाले, दंड झाले. जूनमध्ये टिळकांनाच राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. पण बघा, त्या चळवळीत विद्यार्थी उपदेश ऐकणारा नव्हता. तो काम करणारा होता.

पुढे चित्र पालटलं. १९८०च्या दशकात मुंबई-पुण्याच्या तरुणांत गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, शिरली. १९८५मध्ये संसदेने अमली पदार्थविरोधी कडक कायदा केला. पण ज्याला आधीच सवय लागली आहे, त्याचं काय? अनिल अवचटांनी या पोरांवर लिहिलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली. डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू केलं. त्याआधी सहा वर्षं, १९८०मध्ये, चेन्नईत शांती रंगनाथन यांनी व्यसनमुक्तीची संस्था उभारली होती. त्यांचे पती दारूपायी गेले होते. दोन्हीकडचं सूत्र एकच: व्यसन हा आजार आहे, रुग्णाला हिणवायचं नाही, घरच्यांना सोबत घ्यायचं आणि उपचार संपल्यावरही पाठपुरावा सोडायचा नाही.

हे झालं व्यसन लागल्यानंतरचं. लागण्याआधीचं काय? योगायोग असा की त्याच १९८६ साली अमेरिकेत पर्किन्स आणि बर्कोविट्झ या दोघांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपले सोबती पिण्याबाबत जितके मोकळे आहेत, त्यापेक्षा ते जास्त मोकळे आहेत असं विद्यार्थ्यांना वाटत होतं. ‘सगळेच पितात’ या समजुतीने मुलगा पहिला ग्लास उचलतो. आपल्याकडे २०१९मध्ये आलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार १० ते ७५ वयोगटात दारू पिणारे १४.६ टक्के आहेत. म्हणजे शंभरातले पंच्याऐंशी पीत नाहीत. वसतिगृहाच्या खोलीत हा आकडा कुणी सांगत नाही.

आता परत चेन्नई. ३१ जुलै २०१५ला शशी पेरुमाळ हे गांधीवादी कार्यकर्ते टास्मॅकचं दुकान हटवण्यासाठी आंदोलन करताना मरण पावले. काही दिवसांतच पचैयप्पा कॉलेजचे विद्यार्थी शहरातल्या टास्मॅकच्या दुकानावर धडकले. मोडतोड झाली, अटका झाल्या. मोडतोडीचं समर्थन नको. पण १९०८नंतर एका शतकाने विद्यार्थी पुन्हा दुकानापुढे उभा राहिला, हे नोंदवायला हवं. २०१६मध्ये जयललितांनी सत्तेवर परतताच ५०० दुकानं बंद केली. तरीही जून २०२४मध्ये कल्लकुरिचीत विषारी दारूने साठांहून अधिक जीव घेतले.

या इतिहासातून काय घ्यायचं? दुकानं कमी असणं चांगलंच. हाताशी नसलेली बाटली पहिल्यांदा उचलली जात नाही. पण सरकार बदललं की शटर वर जातं. टिकतो तो माणूस. गुम्मिडीपूंडीच्या लोकलने एन्नोरहून शहरात शिकायला जाणारी पोर असो की लातूरहून पुण्याच्या वसतिगृहात आलेला पोरगा, त्यांच्यात झालेला बदल प्राचार्यांच्या आधी शेजारच्या खाटेवरच्या मित्राला कळतो. तास बुडायला लागतात, उसनवारी वाढते, जुने मित्र तुटतात.

मग कॉलेजांनी काय करावं? ‘पकडलं तर काढून टाकू’ एवढाच नियम असेल, तर मित्र गप्प बसेल आणि आजार लपून वाढेल. मदत मागायला आलेल्याला शिक्षा होणार नाही, हे पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगा. मोठ्या वर्गातल्या मुलामुलींना ऐकून घ्यायला शिकवा. समुपदेशकाची वेळ सूचनाफलकावर लावा. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांकही तिथे असू द्या. तो फुकट आहे.

१९०८चा विद्यार्थी दुकानाच्या दारात उभा राहिला होता. आजच्या विद्यार्थ्याला फार लांब जायला नको. त्याची जागा खोलीतल्या मित्राशेजारी आहे.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.