वेशीबाहेरची वाट : मुंबईची नगरसभा आणि विमानतळाचा रस्ता

१८८८ च्या कायद्याने मुंबईच्या नगरसभेवर सार्वजनिक रस्ते बांधण्याचे व राखण्याचे कर्तव्य सक्तीचे म्हणून घातले. हे कर्तव्य माहीम आणि शीव येथे, बेटाच्या वेशीपाशी, संपत असे. खाडीपलीकडील साष्टीचा मुलूख ठाणे जिल्ह्यात मोडे. १९२० पासून त्याचा बराचसा भाग मुंबई उपनगर जिल्ह्यात गणला जाऊ लागला. त्या मुलखातील रस्त्यावर शहराच्या करदात्याचा पैसा का वेचावा, हा प्रश्न कायद्यानेच निर्माण केला होता, आणि कर भरणाऱ्याच्या दृष्टीने तो मुळीच गैर नव्हता.

वेशीपलीकडे जाण्याच्या खर्चाचा तंटा मात्र नगरसभेहूनही जुना आहे. कंपनी सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या शीवच्या सेतूवर पथकर घेतला जाई. माहीम व वांद्रे यांमधील खाडी त्यानंतरही लोक होडीनेच ओलांडीत. तेथील सेतू १८४५ साली खुला झाला तो आवाबाई जमशेटजी जिजीभाई यांनी दिलेल्या सुमारे १,५७,००० रुपयांमुळे. त्यावर पथकर घेऊ नये, अशी त्यांची अट होती. प्रदेशाच्या रस्त्याचा पैसा सरकारी तिजोरीतून न येता एका स्त्रीच्या दानातून आला, याची नोंद इतिहासकाराने घ्यावयास हवी.

पाण्याच्या बाबतीत हीच नगरसभा वेगळ्या रीतीने वागली. १८९२ साली पुरे झालेले तानसा धरण शहराच्या हद्दीपासून कितीतरी दूर, ठाणे जिल्ह्यात आहे. पण त्यावर खर्च करताना हद्दीची अडचण कोणास फारशी भासली नाही. याचे कारण उघड आहे. नळाने आलेले पाणी हद्दीच्या आत वापरले जाते व त्यावर पट्टी बसविता येते. रस्ता दोन्ही दिशांनी वाहतो. त्याचा लाभ कोणाचा, हे वहीत मांडता येत नाही.

विमानविद्येने ही अडचण अधिक बिकट केली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले. ते मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई आणि विमाने पुण्यास हलवावी लागत. दुसऱ्या महायुद्धानंतर सांताक्रूझला महत्त्व आले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे पहिले विमान लंडनला निघाले, तेव्हा ते 'मुंबईहून' निघाले असेच सर्वांनी म्हटले. वस्तुतः जुहू काय किंवा सांताक्रूझ काय, दोन्ही मैदाने नगरसभेच्या अधिकाराबाहेर होती. भाषेने शहराची हद्द कायद्याच्या आधी वाढविली होती. तथापि 'उपनगर' या शब्दातील 'उप' हा उपसर्ग कर आणि खर्च यांच्या वाटणीत दीर्घकाळ खरा ठरला.

त्याच वर्षी ना. वि. मोडक आणि अल्बर्ट मेयर यांनी बृहन्मुंबईचा आराखडा मांडला. पूर्वेकडून व पश्चिमेकडून उत्तरेस जाणाऱ्या दोन द्रुतगती मार्गांची कल्पना त्यात होती. १९५० साली हद्द वाढली व विमानतळ शहरात आला. १९५७ साली ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. आता हद्दीचा आक्षेप उरला नाही. परंतु ते मार्ग नगरसभेच्या हाती आले नाहीत. राज्य शासनाने ते आपल्याकडे ठेवले. मोडकांचे नाव वैतरणेवरील जलाशयास मिळाले, रस्त्यास नव्हे. येथेही पाणीच वरचढ ठरले.

पुढे १९७५ साली मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले, १९९६ साली राज्य रस्ते विकास महामंडळ. महामंडळाने शहरात उड्डाणपूल बांधले आणि त्यांच्या वसुलीसाठी शहराच्या पाच प्रवेशद्वारांवर पथकर बसविला. आवाबाईंनी जो कर नाकारला, तोच दीडशे वर्षांनी वेशीवर परत आला. हलक्या वाहनांना त्यातून सूट मिळण्यास ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला. २०१४ साली विमानतळाच्या नव्या टर्मिनलबरोबर खुला झालेला सहारचा उन्नत मार्गही प्राधिकरणानेच बांधला. रस्ता शहराचा, वाहतूक प्रदेशाची आणि निर्णय तिसऱ्याचा, अशी ही वाटणी होती. निवडलेल्या सभागृहाने अशा कामांवर वाद घालावा, तर त्याच्या हाती ठरावापलीकडे फारसे काही उरत नसे. खर्चाची जबाबदारी टाळणाऱ्या संस्थेचा अधिकारही हळूहळू टळतो, असा निष्कर्ष येथे निघू शकतो; पण तो अपुरा आहे, कारण १९५० नंतर नगरसभेस ती जबाबदारी पुरतेपणी देऊ करण्यात आली होती, असे दिसत नाही.

२०२२ च्या अखेरीस दोन्ही द्रुतगती मार्ग महानगरपालिकेकडे सुपूर्द झाले. त्याच वर्षाच्या मार्च महिन्यात निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली होती आणि कारभार प्रशासकाकडे गेला होता. मार्ग शहराच्या ताब्यात आले, त्या दिवशी त्यांच्या खर्चावर बोलण्यास सभागृहात एकही नगरसेवक नव्हता.